‘थांबा’ म्हणणाऱ्यांना एका पास्टरचं पत्र

हेडफोन लावलेत ना? आज आपण अमेरिकेत जाणार आहोत, पण सुरुवात पुण्यातल्या माझ्या सोसायटीपासून करतो.

आमच्याकडे रोज सकाळी एक काका कचरा उचलायला येतात. मे महिन्यात सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. रहिवाशांच्या दोन लिफ्ट चालू होत्या, पण कचऱ्याचे डबे त्यातून न्यायचे नाहीत, असा नियम. मग काका 11 मजले जिन्यानं चढायचे, डबे घेऊन उतरायचे. मी सातव्या मजल्यावर राहतो, म्हणजे रोज दिसायचे. सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाइप केला, “दुरुस्ती होईपर्यंत काकांना आपली लिफ्ट वापरू द्या.” आणि डिलीट केला. म्हटलं, आधीच पार्किंगवरून भांडणं चालू आहेत, ही वेळ नाही. पुढच्या मीटिंगमध्ये बोलू.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी आजच्या एपिसोडसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल वाचत होतो. किंग म्हटलं की आपल्याला 1963 चं वॉशिंग्टनमधलं भाषण आठवतं, त्याचे रील्स फिरत असतात. पण हा माणूस पेशानं पास्टर होता. दर रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचा, लग्नं लावायचा, मयताला जायचा. आज त्या पास्टरबद्दल बोलू.

साल 1955, अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. तिथल्या बसचा नियम ऐका. कृष्णवर्णीय प्रवाशानं पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं पुन्हा चढायचं. कधी कधी ड्रायव्हर तेवढ्यात बस सोडून द्यायचा, पैसे घेऊन! 1 डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. मग बसवर बहिष्कार सुरू झाला. त्याचं नेतृत्व आलं गावात नव्यानं आलेल्या एका पास्टरकडे. किंग तेव्हा 26 वर्षांचे होते. माझ्यापेक्षा लहान!

हा बहिष्कार 381 दिवस चालला. इंजिनियर म्हणून मला यातली व्यवस्था भारी वाटते. हजारो लोकांना रोज कामावर पोचवायचं, तेही बसशिवाय. त्यांनी खासगी गाड्यांचं जाळं उभं केलं. कुठून उचलायचं, कुठं सोडायचं, कोण कधी गाडी चालवणार, सगळं ठरलेलं. ना ॲप, ना जीपीएस. चर्चच्या नावावरही गाड्या घेतल्या. ज्यांना गाडी मिळायची नाही ते मैलोन्‌मैल चालायचे. श्रद्धा म्हणजे फक्त प्रार्थना नाही, सकाळी सहाला कुणाला तरी कामावर सोडायला जाणं हीसुद्धा श्रद्धाच, असं मला ते वाचताना वाटलं.

आणि किंग घाबरायचे नाहीत असं बिलकूल नव्हतं. 26 जानेवारी 1956 ला त्यांना अटक झाली. गुन्हा काय, तर ताशी 25 मैलांच्या रस्त्यावर 30 नं गाडी चालवली! दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा फोन आला, गाव सोड, नाहीतर तुला आणि तुझ्या घराला उडवू. आत बायको आणि दोन महिन्यांची मुलगी झोपलेली. यांना झोप येईना. स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली, कप समोर ठेवून टेबलाशी बसले. आता यातून बाहेर कसं पडायचं, असा विचार करत होते. तिथंच त्यांनी प्रार्थना केली. माझ्यात बळ उरलेलं नाही, अशी देवाकडे कबुलीच दिली. आणि त्यांना धीर आला, असं ते पुढं सांगायचे. तीनच दिवसांनी घराच्या व्हरांड्यावर बॉम्ब पडला. घरचे वाचले. बाहेर चिडलेली गर्दी जमली होती, काहींच्या हातात हत्यारं होती. किंग यांनी त्यांना शांतपणे घरी पाठवलं.

आता सात वर्षं पुढं येऊ. 12 एप्रिल 1963, गुड फ्रायडे. बर्मिंगहॅम शहरात मोर्चा काढला म्हणून किंग तुरुंगात. तिथं त्यांच्या हाती वर्तमानपत्र आलं. त्यात शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन होतं. ही माणसं दुष्ट नव्हती बरं का. त्यांचं म्हणणं एवढंच, की ही आंदोलनं अवेळी आहेत, कोर्टात जा, धीर धरा. थोडक्यात, थांबा.

किंग यांनी त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात उत्तर लिहायला घेतलं. तेच हे पत्र, तारीख 16 एप्रिल. त्यात तत्त्वज्ञान आहे, बायबल आहे, पण मला थांबवलं एका घरगुती प्रसंगानं. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीनं टीव्हीवर एका करमणूक पार्कची जाहिरात पाहिली आणि आपण कधी जायचं, असं विचारलं. तिथं कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नाही, हे तिला कसं सांगायचं? ‘थांबा’ म्हणणाऱ्याला हे उत्तर द्यावं लागत नाही, ते बापाला द्यावं लागतं.

आणि पुढं ते म्हणतात, उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षा मला जास्त निराश केलं ते मवाळ, सज्जन माणसांनी. ज्यांना न्याय हवा असतो, पण गडबड नको असते. वेळ आपोआप सगळं बरं करते, असं ज्यांना वाटतं.

मंडळी, इथं मी मोबाईल बाजूला ठेवला. मी स्वतःला कायम किंग यांच्या बाजूचा समजत आलो. पण हे पत्र माझ्या बाजूनं लिहिलेलं नव्हतं. ते मलाच लिहिलेलं होतं.

याचा आपल्याशी धागा जुना आहे. 1959 मध्ये किंग महिनाभर भारतात होते. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले, फुटपाथवर झोपलेली माणसं पाहिली. तिरुवनंतपुरममधल्या एका शाळेत बरीच मुलं दलित घरांतली होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी त्यांची ओळख करून दिली. आधी त्यांना ते खटकलं. मग विचार केल्यावर वाटलं, खरंच की, मी तोच आहे. पुढं 1965 मध्ये आपल्या चर्चमध्ये प्रवचन देताना त्यांनी हा किस्सा सांगितला.

आणि त्यांचा शेवट? तोही कचऱ्याच्या गाडीपाशीच येऊन पोचतो. 1 फेब्रुवारी 1968, मेम्फिस शहर, धो धो पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोसा म्हणून कचरा दाबणाऱ्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. यंत्र सुरू झालं आणि दोघं चिरडले गेले. सुमारे 1300 कामगार संपावर गेले. गळ्यात पाट्या होत्या, मजकूर एवढाच, की मी माणूस आहे. किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला आले आणि 4 एप्रिलला तिथंच त्यांना गोळी घातली गेली. वय 39. कामगारांची युनियन आणि पगारवाढ शहरानं मान्य केली 16 एप्रिलला. तुरुंगातल्या त्या पत्राला बरोबर पाच वर्षं झाली होती.

आपल्याकडे हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 1993 ला कायदा झाला, 2013 ला आणखी कडक झाला. तरी गटारात गुदमरून माणसं मरतातच. तिथंही कुणीतरी ‘बघू’ म्हटलेलं असतंच.

तर त्या रात्री मी ग्रुपवर मेसेज टाकला. तीन अंगठे आले, एकानं लिहिलं, “टायमिंग चुकलं.” सकाळी काकांना सांगायला गेलो, की मी विषय काढलाय. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, लिफ्ट तर कालच दुरुस्त झाली.”

तीन आठवडे ते जिने चढत होते आणि मी योग्य वेळेची वाट बघत होतो. नियम अजून तसाच आहे. रविवारी मीटिंग आहे, मी बोलणार आहे. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.

तोपर्यंत तुमचाही एखादा डिलीट केलेला मेसेज असेल, तर मला कळवा. किंवा नको, जिथं पाठवायचा होता तिथंच पाठवा. भेटू!