विधी विद्यावाचस्पती (पीएच. डी.), मुंबई

कायद्यातील संशोधनासाठी मिळणारी पदवी. मुंबई विद्यापीठाची (स्थापना 1857) विधी शाखा फोर्ट संकुलात असून उच्च न्यायालय शेजारीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार प्रवेशासाठी एलएल. एम. पदवीत किमान 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सूट मिळते. प्रवेशानंतर संशोधनपद्धती आणि प्रकाशन-नीतीसह किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मुदत तीन ते सहा वर्षे. ती दोन वर्षांनी वाढू शकते. स्त्रिया व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळतात. प्रबंधाची वाङ्मयचौर्य-तपासणी होते, किमान दोन बाहेरचे परीक्षक तो वाचतात, मग मौखिकी होते.

खरी कसोटी विषय निवडताना लागते, आणि या शहरात विषयांना तोटा नाही. गिरगावातल्या पागडीच्या खोल्यांमागे 1947 चा भाडे कायदा आणि त्याची जागा घेणारा 1999 चा कायदा आहे. परळ-लालबागच्या गिरणी जमिनींचा वाद विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालापर्यंत गेला. अशा विषयावर नुसते निकालपत्र वाचून भागत नाही. भाडेपावत्या पाहाव्या लागतात, भाडेकरूंशी बोलावे लागते.

मानद एलएल. डी. ही पदवी या पीएच. डी.हून वेगळी आहे.