पावसांतून येणारें चित्र

समुद्रावरून आलेला आषाढाचा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याशीं कोसळूं लागला, म्हणजे पेण व रोहें येथील छपरांवरच्या तबकड्यांची कसोटी लागते. पडद्यावरील चित्र प्रथम चौकटी-चौकटींनीं फुटतें, मग गोठतें, आणि अखेर नाहींसें होतें. पूर व दरडी यांचें वृत्त ज्या घटकेस हवें, नेमकी तीच ही घटका. जुलै २००५ मध्यें रायगड जिल्ह्यानें या दोन्ही आपत्तींचा घाला सोसला आहे. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, तेव्हां संदेश सलग लहरींचा असे. तो क्षीण झाला तर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडे, पण चित्र ओळखूं येई. डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शननें उपग्रहावरून निःशुल्क सेवा सुरू केली. तींत चित्र अंकांच्या रूपानें आलें. अंकांत मोठी काटकसर साधते, परंतु धोकाहि त्या काटकसरींतच आहे.

पेणच्या गणपतींचा दृष्टान्त येथें उपयोगी पडेल. एक मूर्ति साच्यांतून पुरी घडवावी, आणि पुढच्या मूर्तींविषयीं ‘मागच्यासारखीच, फक्त हात किंचित् वर’ एवढेंच कळवावें. पहिल्या मूर्तीस तडा गेला तर तो पुढच्या साऱ्यांत उतरेल. अंकचित्रांतहि एक चित्र पूर्ण, व पुढील कित्येक केवळ फरकांचीं असतात. म्हणून सुमारें दर अर्ध्या सेकंदानें पुनः एक पूर्ण चित्र धाडतात. शिवाय चित्राचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकाच्या आरंभीं खूण ठेवतात. एक पट्टा बिघडला तरी ग्राहकयंत्र पुढल्या खुणेपासून वाचूं लागतें, आणि गेलेला भाग मागील चित्रांतून उसना घेतें.

दुसरा उपाय पुनरुक्तीचा. वेदपाठकांनीं जटा, घन इत्यादि पाठांत शब्द उलटसुलट क्रमानें म्हणून चूक उघडी पाडण्याची सोय केली होती. गणितानें तेंच कार्य अल्प खर्चांत साधलें. १९६० मध्यें रीड व सॉलोमन यांनीं दिलेल्या पद्धतीनें उपग्रहचित्रवाणींत १८८ बाइटांस आणखी १६ जोडतात. २०४ पैकीं कोणतेहि ८ चुकले तरी यंत्र ते शोधून सुधारतें. चुका थव्यानें येतात, म्हणून धाडण्यापूर्वीं बाइटांचा क्रमहि विखुरतात. १९६० मध्येंच राजचंद्र बोस व त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार रायचौधरी यांनीं अशीच एक पद्धति प्रसिद्ध केली. फ्रान्समध्यें ओकेंगेम यांस ती १९५९ मध्यें स्वतंत्रपणें सांपडली होती. दूरध्वनीच्या तारांवरून चित्र धाडण्यासाठीं १९९० मध्यें ठरलेल्या एच. २६१ या संकेतांत ४९३ अंकांमागें १८ रक्षक अंक आहेत, ते याच पद्धतीचे.

तथापि रक्षणासहि सीमा आहे. उपग्रहाच्या या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या. पावसाचे थेंब त्यांस शोषून घेतात व विखुरतात. आठांच्या जागीं नऊ बाइट चुकले कीं गणिताचा हात सुटतो; अंकचित्र हळूहळू मंद न होतां एकाएकीं जातें तें यामुळेंच. आकाशवाणीच्या मध्यम लहरी मात्र शेंकडों मीटर लांबीच्या असतात, त्यांस पावसाचा अडथळा नाममात्र होतो. म्हणून ज्या घरावर डोंगर वांकून उभा आहे, त्या घरीं तबकडीच्या जोडीस बॅटरीवर चालणारा एक लहानसा रेडिओ असणें हें शहाणपणाचें होय.