बोजा कोणाच्या नावावर?

आपल्यापैकी ज्यांनी जमिनीचा व्यवहार केला असेल, त्यांना हे सांगावयास नको. सौदा किमतीवर ठरतो. तंटा मात्र निघतो तो खरेदीखतातल्या बारीक मजकुरावरून. विहीर कोणाची, बांधावरचे आंबे कोणाचे, आणि सात-बारावरचा सोसायटीचा बोजा फेडायचा कोणी? सरकार किंवा एखादी कंपनी चालू धंद्यातला आपला हिस्सा विकून अंग काढून घेते, तेव्हाही प्रश्न हेच असतात. या व्यवहाराला ‘निर्गुंतवणूक’ असे जडसे नाव आहे.

एअर इंडियाचेच पाहा ना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः लहानसे विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. धंदा वाढला, १९४६ साली त्याला एअर इंडिया हे नाव मिळाले. १९५३ च्या कायद्याने तो सरकारकडे गेला, तरी टाटा १९७८ पर्यंत अध्यक्ष होतेच.

पुढे तोटा साचत गेला. २०१८ साली सरकारने ७६ टक्के हिस्सा विकावयास काढला, तर एकही बोली आली नाही! येणार कशी? २४ टक्क्यांचा भागीदार म्हणून सरकार आत बसणार, आणि कर्जाचा मोठा भार घेणाऱ्याच्या माथी.

२०२० मध्ये मात्र सरकारने सगळाच हिस्सा विक्रीस काढला. २०२१ मध्ये टाटांच्या कंपनीची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. आकडा ऐकून दचकू नका. यात रोख फक्त २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे घेणाऱ्याने पत्करलेले कर्ज. एकूण कर्ज तर ६१,५६२ कोटी होते. राहिलेले ४६,२६२ कोटी सरकारने आपल्याच एका वेगळ्या कंपनीच्या नावावर चढविले, आणि १४,७१८ कोटींच्या जमिनी-इमारतीही तिच्याकडेच ठेविल्या. बैल विकला, गोठा राखला म्हणा ना! त्यातली नरीमन पॉइंटची उंच इमारत पुढे महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरविले.

करारातल्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. एअर इंडियाचे नाव व चिन्ह पाच वर्षे दुसऱ्याला देता येणार नाही. एक वर्ष कोणाला कामावरून कमी करता येणार नाही. दुसऱ्या वर्षी करावयाचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती देऊनच. तेव्हा कायम नोकर आठ हजारांवर, आणि कंत्राटी चार हजार. माझ्या मते या दोन ओळी १८,००० कोटींच्या आकड्याइतक्याच वजनाच्या होत्या. पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आकडाच मोठा झाला.

२७ जानेवारी २०२२ रोजी ताबा दिला गेला. नोकरीला निदान वर्षाची हमी होती. मुंबईत कलिन्याच्या वसाहतीतली घरे मात्र या विक्रीत नव्हती. तिथे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती सोडावयास सांगण्यात आले, आणि त्यांचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.