घंटा ते जमीन : २९ मिनिटे

१८६५० हा सेल हातात घेतला तर बोटभर लांबीचा, अंगठ्याएवढा जाड. वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. मापे नावातच आहेत : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळकांडे. टॉर्च, जुना लॅपटॉप, ड्रिल मशीन, ई-बाइक अशा अनेक ठिकाणी तो असतो. परदेशात वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांच्या यंत्रातही तोच. तिथे त्याला क्षणार्धात खूप वीज ओतावी लागते, म्हणून ‘हाय ड्रेन’ सेल शोधला जातो. शोधणारा बहुधा दोनच गोष्टी बघतो : किंमत आणि आवरणावरचा आकडा. आवरण आणि पोट यांत अंतर पडले की काय होते, ते दुबईच्या आकाशात एका संध्याकाळी एका मालवाहू विमानात दिसले. त्या विमानात वेपचे सेल होते असे नाही. पण रसायनाचे घराणे एकच.

शुक्रवार, ३ सप्टेंबर २०१०. दुपारी साडेतीनचा सुमार. उरले चार तास.

यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान हाँगकाँगहून दुबईत उतरले. पुढचा मुक्काम जर्मनीतले कोलोन. काही माल उतरला, काही चढला. हाँगकाँगहून आलेले बरेच पॅलेट जागचे हललेही नाहीत. विमानात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू होत्या.

कागदोपत्री धोकादायक म्हणून जाहीर केलेला माल शून्य. पुढे चौकशीत निघाले की, निदान तीन खेपांतले लिथियम-आयन पॅक धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडत होते आणि तसे जाहीर व्हायला हवे होते. ते झाले नाही. त्यामुळे कॅप्टनच्या हातातल्या यादीतही त्यांचा उल्लेख नव्हता. खोके बाहेरून शहाणे दिसत होते.

संध्याकाळी ६.५१. उरली ५१ मिनिटे.

सूर्य नुकताच मावळला होता. विमानाने धावपट्टी सोडली. आत दोघेच : ४८ वर्षांचा कॅप्टन आणि ३८ वर्षांचा सहवैमानिक.

याच वेळी एखाद्या सेलच्या पोटात काय घडू शकते, ते समजून घेऊ. धन आणि ऋण पट्ट्या गुंडाळी करून पोलादी डबीत भरलेल्या असतात. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा आणि सगळे भिजलेले ज्वालाग्राही द्रवात. कारखान्यातला दोष, दणका, जादा चार्जिंग किंवा बाहेरून झालेला शॉर्ट, यांपैकी कशानेही सेल तापला की ऋण पट्टीवरचा पातळ संरक्षक थर विघटित होऊ लागतो. त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास पडदा वितळतो आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात. पुढे धन पट्टीतले ऑक्साइड फुटून स्वतःच प्राणवायू सोडते. इंधन आत, उष्णता आत, प्राणवायूही आत. याला थर्मल रनअवे म्हणतात. एक सेल पेटला की त्याची धग शेजारच्याला पुरते आणि शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याला.

७.१२. उरली २९ मिनिटे.

विमान ३२ हजार फुटांच्या जवळ पोचले होते. कॉकपिटमध्ये आगीची घंटा वाजली : मुख्य मालकक्ष, पुढचा भाग.

विमान बहारीनच्या हवाई नियंत्रणात होते. दोहा सुमारे शंभर सागरी मैलांवर आहे, असे नियंत्रकाने सांगितले. दुबई त्याहून लांब. कॅप्टनने दुबईला परतायचे ठरवले. त्या क्षणी त्याच्यापुढे एक घंटा आणि एक दिवा होता. मागे काय पेटले आहे, हे सांगणारा कागद नव्हता. दोघांनी ऑक्सिजनचे मास्क चढवले आणि चेकलिस्ट उघडली.

या विमानाच्या मुख्य मालकक्षात आग विझवणारा वायू सोडण्याची सोय नव्हती. कक्षातला हवेचा दाब कमी करायचा आणि हवेअभावी आग गुदमरवायची, ही पद्धत. लाकूड, कागद, कापड यांना ती लागू पडते. जो सेल स्वतःच्या पोटातून प्राणवायू काढतो, त्याला गुदमरवणार कसे?

७.१५ च्या पुढे. उरली २६ मिनिटे.

काही मिनिटांतच विमान कॅप्टनच्या हाताला जड लागू लागले. नियंत्रणाच्या केबल मालकक्षाच्या छताजवळून जातात. खालच्या धगीने त्यांचा आधारच गेला. नाक वर-खाली करायला पुरेसा जोर पोचेना. ऑटोपायलट लावले तर विमान ऐके, हातात घेतले की हटून बसे. कॅप्टनने दहा हजार फुटांवर उतरण्याची परवानगी मागितली. धूर कॉकपिटमध्ये भरत होता आणि समोरची उपकरणे दिसेनाशी होत होती.

७.२० च्या सुमारास. उरली २२ मिनिटे.

कॅप्टनच्या मास्कमध्ये येणारा ऑक्सिजन बंद झाला. जवळचे सुटे नळकांडे आणायला तो आसनावरून उठला. परत आला नाही.

आता सहवैमानिक एकटा. रेडिओवर वारंवारता बदलायची तर आकडे दिसायला हवेत आणि धुरात आकडे दिसत नव्हते. रेडिओ बहारीनवरच अडकला आणि विमान बहारीनच्या टप्प्याबाहेर निघाले. मग आसपासच्या दुसऱ्या विमानांतल्या वैमानिकांनी निरोप्याचे काम केले. दुबई काय सांगते ते बहारीनकडून ऐकायचे आणि त्याला सांगायचे. तो काय विचारतो ते उलट पोचवायचे. तो विचारत होता वेग, उंची, दिशा. समोर असलेल्या घड्याळांतले आकडे त्याला अनोळखी माणसांकडून ऐकावे लागत होते.

७.३८. उरली चार मिनिटे.

विमान दुबईच्या धावपट्टीवरून गेले. वरूनच गेले : सुमारे साडेचार हजार फूट उंच, ३४० नॉट वेगाने. उतरण्यासाठी दोन्ही जास्त. चाके बाहेर पडली नव्हती. शारजाचा विमानतळ डावीकडे, त्या दिशेने वळ, असा निरोप आला. विमान उजवीकडे वळले.

७.४२. शून्य.

नाद अल शिबाजवळ, लष्करी तळाच्या मोकळ्या जागेत विमान कोसळले. दोघेही गेले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही. घंटेपासून जमिनीपर्यंत २९ मिनिटेसुद्धा भरली नव्हती.

नंतर.

संयुक्त अरब अमिरातीच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला. लिथियम बॅटऱ्या असलेल्या पॅलेटमधला माल आपोआप पेटला, हा त्याचा निष्कर्ष. कंपनीने आग सोसणारे कंटेनर आणि पूर्ण चेहऱ्याचे मास्क आणले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. मालवाहू विमानात नेताना त्या तीस टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात, हाही नियम झाला.

आता पुन्हा हातातल्या सेलकडे. विमानाच्या यादीने जे लपवले, तेच दुकानातले आवरण लपवते.

पहिली गोष्ट, मिलिअँपिअर-तास आणि अँपिअर यांची गल्लत. पहिला आकडा टाकी किती मोठी ते सांगतो, दुसरा नळ किती जाड ते. त्याच मापाच्या डबीत टाकी वाढवली की नळ सहसा बारीक होतो. सॅमसंगचा २५आर २५०० मिलिअँपिअर-तासांचा, पण सतत २० अँपिअर देणारा. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० च्या वर्गातला, पण जेमतेम पाचेक अँपिअरचा. मोठ्या आकड्याला भुलून वेपमध्ये दुसरा घातला, की तापण्याची सुरुवात तिथेच झाली.

दुसरी, गणित. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. वेपमधल्या तापणाऱ्या कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर, ०.१ असेल तर ४२. ज्या यंत्रात नियंत्रक सर्किटच नाही, तिथे हा भागाकार ओढणाऱ्यानेच करायचा. उत्तर सेलच्या सतत सोसण्याच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली हवे. आवरणावर ‘कमाल’ किंवा ‘पल्स’ म्हणून छापलेला आकडा हिशेबात धरायचा नाही.

तिसरी, थाप. १८६५० च्या आवरणावर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर ते खोटे. चांगल्या कंपनीचे या मापाचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलवर नवे प्लास्टिक चढवून विकण्याचा धंदाही जुनाच आहे.

चौथी, आवरण. सेलची अख्खी पोलादी डबी ऋण असते. वरची धन टोपी आणि डबीची कड यांच्यात एक पातळ कडी आणि हे प्लास्टिक, एवढेच. ते फाटले आणि खिशात किल्ल्या असल्या, तर शॉर्ट व्हायला दुसरे काही लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या १९५ आगी आणि स्फोट मोजले. त्यांतल्या ६१ वेळा यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. ओढताना ६०, चार्जिंगला लावलेले असताना ४८.

शिवाय ज्या नामांकित कंपन्यांचे सेल चांगले म्हणून शोधले जातात, त्या ते पॅकमध्ये संरक्षक सर्किटसह बसवण्यासाठी बनवतात. सुटे विकण्यासाठी नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुटे १८६५० घेऊच नका, असा इशारा दिला. वेपसाठी सर्वांत सुरक्षित सुटा सेल कोणता, याचे प्रामाणिक उत्तर ‘कोणताच नाही’ हे आहे. बाकी सगळी धोका कमी करण्याची कसरत.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री, आयात आणि साठा २०१९ च्या कायद्याने बंद आहे. पण टॉर्चमधून, पॉवर बँकेतून, ड्रिल मशीनमधून हाच सेल आपल्या घरी आलेला आहे. सुटा असेल तर प्लास्टिकच्या डबीत ठेवा. विमानप्रवासात सामानाच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत घ्या. उशीजवळ चार्जिंगला लावू नका. आणि आवरण फाटलेला, पिचलेला किंवा फुगलेला सेल दिसला, तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आजच ई-कचऱ्यात द्या.