रेकॉर्डीतल्या बायकांचा आवाज



एखाद्या घरात माळ्यावर जुन्या रेकॉर्डी असतात. फोनो बिघडला की तो भंगारात जातो आणि त्याच्या पाठोपाठ रेकॉर्डीही जातात. त्या देण्याआधी त्यांचा इतिहास ऐका, कारण तो बायकांचाही इतिहास आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये गेझबर्ग नावाचा साहेब लंडनच्या ग्रामोफोन कंपनीकडून कोलकात्याला आला. नावाजलेले पुष्कळ गवई यंत्रापुढं गायला कचरत होते. गायल्या त्या बायका. त्यांतली गौहर जान तर देशभर गाजली. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि गाणारी कोण हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं.

तेव्हा माईक नव्हता. मोठ्या कर्ण्यापुढं उभं राहून आवाज फेकावा लागे. त्या आवाजानं सुई हलायची आणि मेणावर चरा उमटायचा. आवाज हळू असला की गाणं खरखरीत बुडायचं. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक आला, तेव्हा कुठं हळुवार गळ्यालाही जागा मिळाली. पुण्याच्या बाई सुंदराबाई, मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांची गाणी तबकड्यांमुळं घरोघरी पोचली.

पण कंपन्यांना खपणारं गाणं हवं होतं. पहाटे जात्यावर ओवी गाणाऱ्या बाईकडं त्या वळल्या नाहीत. ते काम पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी केलं. गावोगावच्या सोबतिणींच्या मदतीनं त्यांनी एक लाखावर ओव्या जमवल्या. १९९० नंतर बर्नार्ड बेल यांच्या साथीनं बायकांचे आवाजही टिपले गेले. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या मोबाइलवर ऐकता येतात.

घरातल्या रेकॉर्डीही अशाच कॉम्प्युटरवर उतरवता येतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत लाख असते, आपल्या बांगड्यांत असते तीच. म्हणून ती स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. तिचा चरा रुंद असतो, त्यामुळं सुईही जाड लागते. नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या व्हिनाईलच्या रेकॉर्डीला बारीक सुई चालते.

आता आवाजाचं. आधी गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजवून बघायचा. कॉम्प्युटरवरची आवाजाची पट्टी लाल होणार नाही, इतकाच आवाज ठेवायचा. लाल झाली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कापडासारखा शिवता येत नाही. कमी उतरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फक्त त्याच्याबरोबर खरखरही वाढते. एक रेकॉर्ड मोठी, दुसरी बारीक वाजत असेल, तर दोन्हींचा आवाज सारखा करायचा तो नकलेवर. जसं उतरलं तसं मूळ वेगळं जपायचं. खरखर फार पुसायला गेलं तर गळ्यातली बारीक हरकतही पुसली जाते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: कुणाच्या घरी रेकॉर्डी किंवा कॅसेटी आहेत? कुणाच्या सासूबाईंना, आजीला ओव्या येतात? नावं इतिवृत्तात लिहून ठेवा. ओवी मोबाइलवर घ्यायची तर पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा आणि म्हातारीला ओरडून गायला लावू नका. तिचा आवाज आहे तसाच येऊ द्या. सुरुवातीला तिला तिचं नाव आणि गाव मात्र नक्की सांगायला लावा. गौहर जाननं नाव सांगितलं, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही गाणारी कोण ते कळतं. आपल्या आजीचंही तसंच कळू दे.