पाढा अडतो तेव्हा

गटाच्या बैठकीत आम्ही पुष्कळदा ऐकतो, "आमची पोरगी बोलायला हुशार, पण गणितात मठ्ठ. सात आणि आठ किती विचारलं, की बोटं मोजत बसते." आज या बोटं मोजण्याचाच थोडा इतिहास सांगतो.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी हेन्शेन या स्वीडिश डॉक्टरांनी मेंदूला इजा झालेल्या रोग्यांचा अभ्यास केला. काहींची आकडेमोडच गेली होती, बोलणं मात्र शाबूत. पण ती मोठी माणसं. लहान मुलांसाठी १९७४ साल उजाडलं. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हा शहरात, लादिस्लाव कोश्च यांनी पाचवीची ३७५ मुलं तपासली होती. शंभरातल्या सहा मुलांना अडचण निघाली ती आकड्यांची. बुद्धी कमी नव्हती. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात.

मग १९९७ साली रिबेका बुल आणि ऱ्होना जॉन्स्टन या दोघी संशोधक बायकांनी सात वर्षांची मुलं पाहिली. वाचनातला फरक बाजूला ठेवला, तर हिशेबात मागे पडण्याचा सगळ्यांत जवळचा संबंध निघाला वेगाशी. म्हणजे आकडा दिसल्यापासून डोक्यात त्याचं काम होईपर्यंत लागणारा वेळ. फळ्यावर ४७ अधिक ३८ आहे. सात आणि आठ पंधरा हे जुळवेपर्यंत हातचा एक मनातून निसटतो, तोवर बाई पुढच्या गणितावर. मठ्ठ हा शब्द आम्हाला इथेच खोटा वाटतो. अर्थात बोटं मोजणारं प्रत्येक मूल असं नसतं. कधी शिकवणं कमी पडतं, कधी नुसता चष्मा लागलेला असतो.

आपलं राज्य यात मागे नव्हतं. महाराष्ट्र सरकारने १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित, अशा सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर डिस्कॅल्क्युलिया नाव घेऊन आला. गावात मात्र अजून पोरीचं गणित अडलं की शाळा सोडवायला आयतं निमित्त मिळतं.

सवलतीला तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. आठवीतच मुख्याध्यापकांना भेटा, सोबत गटातल्या दोघी-तिघी न्या.