चार बोटांचा उंबरा

आमच्या बीडच्या घरातल्या न्हाणीला चार बोटं उंचीचा उंबरा होता. चाळीस वर्षं मी तो ओलांडत आलो, पण तो तिथे आहे हे कधी जाणवलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझी ऐंशी वर्षांची अम्मी त्याला अडखळून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती चालू लागली. पण वॉकर उंबऱ्यापर्यंत जाई, पुढे जात नसे.

मग अम्मीला आंघोळ घालण्याचं काम माझ्या पत्नीकडे आलं. दोघींचं एकमेकींवर प्रेम, तरीही आयुष्यभर स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेतलेल्या बाईला दुसऱ्यासमोर तसं बसणं फार जड गेलं. तिने तक्रार केली नाही. तिने पाणी पिणं कमी केलं. कमी प्यायलं की कमी वेळा आत जावं लागेल, असा तिचा साधा हिशेब. तो आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

नमाजाआधी वुजू करावा लागतो, म्हणजे हात, तोंड, पाय धुवावे लागतात. पाणी मिळत नसेल किंवा आजारपणामुळे चालत नसेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करायची सवलत धर्माने दिली आहे. मी तिला ती सांगितली. तिने ऐकलं, तसं केलंही. पण एक दिवस म्हणाली, "मट्टी मट्टीच है रे, पानी पानीच है."

त्या दिवसापासून मी या उंबऱ्याचा माग काढू लागलो. हा आला कुठून? आणि तो काढून टाकावा, असं कधी कुणाला वाटलं का?

आपल्या भागात पाण्याचा इतिहास म्हटला की बीडकर अभिमानाने खजाना विहिरीचं नाव घेतो. निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येतं आणि पुढे शेतीकडे जातं. मराठवाड्यात बारवाही खूप. पण बारव म्हणजे पायऱ्या. ज्याला त्या उतरता येत, तो पाण्यापर्यंत पोचे. ज्याला येत नसत, त्याने दुसऱ्याच्या घागरीची वाट पाहायची. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. घरात हात भरपूर होते. कुणी पाणी शेंदायचं, कुणी बंब पेटवायचा, कुणी म्हाताऱ्याला पाटावर बसवून पाठ चोळायची.

जुन्या घरातली मोरीही तशीच. कोपऱ्यात शहाबादी फरशी, कडेला बोटभर काठ, आडोशाला पडदा. तिथे खासगीपणा थोडा, पण बसून आंघोळ करायची रीत होती आणि हाक ऐकू जात होती. पुढे नळ आले, पाइप आले, मोरीला चार भिंती आणि दार आलं. जुन्या घरात संडास-बाथरूम आत घ्यायचं, तर सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यावा लागतो. खाली खोदता येत नसेल, तर जमीन वर उचलावी लागते. म्हणून कित्येक घरांत बाथरूमला दोन पायऱ्या चढून जावं लागतं. आणि जिथे जमीन उचललेली नाही, तिथे पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा. म्हणजे आमचा उंबरा ना परंपरेचा, ना धर्माचा. तो पाणी अडवायची एक सोपी युक्ती होता. युक्ती बदलता येते, हे कळायला मला पंचावन्न वर्षं लागली.

जगाचं लक्ष या अडचणीकडे गेलं, त्यामागे युद्धाचा मोठा हात आहे. पाठीच्या कण्याला गोळी लागलेला सैनिक पूर्वी फार दिवस जगत नसे. अंथरुणातल्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याचा घास घेत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी अशा सैनिकांसाठी वेगळा विभाग सुरू केला. गुटमन हे हिटलरच्या जर्मनीतून आलेले ज्यू निर्वासित. वेळच्या वेळी कुशीवर वळवणं, स्वच्छता, व्यायाम, खेळ या उपायांनी माणसं जगू लागली. आणि जगली, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. घरी गेल्यावर दारातून चाकाची खुर्ची आत जाईना.

१९६१ साली अमेरिकेत अपंगांना वापरता येतील अशा इमारतींची पहिली राष्ट्रीय मानकं निघाली. १९६३ साली इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ यांनी अपंगांसाठीच्या वास्तुरचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. गोल्डस्मिथ वास्तुविशारद होते आणि ऐन तारुण्यात त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. ज्याला अडतं, त्यालाच माप कळतं.

महाराष्ट्रातही सुरुवात सैनिकांपासूनच दिसते. पहिल्या महायुद्धातल्या अपंग जवानांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. खडकीतच नंतर कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पाण्याने त्यांना अडवलं नाही. माणसाला अडवतो तो पाण्याआधीचा उंबरा.

पण सैनिकांसाठी निदान सरकार होतं. साध्या घरातल्या मुलीने काय करायचं? याचं उत्तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी दिलं. तरुण वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अशाच अवस्थेत स्वतंत्रपणे जगणाऱ्या एका माणसाला पाहून त्यांना उभारी आली. त्यांनी शिक्षण घेतलं, नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्यासारख्यांच्या कामातून मला एक गोष्ट कळली. खुर्चीवरच्या माणसाला आधी दयेची नव्हे, रुंद दाराची गरज असते.

कायदेही आले. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक केंद्रीय कायदा झाला, २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली, २०१६ साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. अम्मीसारखे म्हातारपणाने अडलेले कितीतरी लोक त्या आकड्यात नसतीलही. शिवाय या कायद्यांचा भर कचेऱ्या, शाळा, रेल्वे स्थानकं अशा सार्वजनिक जागांवर. तिथे उतरण बांधली जाते, पण तिथे माणूस महिन्यातून एकदा जातो. न्हाणीत रोज जावं लागतं आणि तिथे कुणी निरीक्षक येत नाही. २०१४नंतर खेडोपाडी शौचालयं बांधली गेली, हे मोठंच काम झालं. पण आमच्याकडे मी पाहिलेल्या कित्येक शौचालयांना दोन पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही.

शेवटी मी गवंड्याला बोलावलं. उंबरा फोडायचा म्हटल्यावर तो म्हणाला, "भाई, पाणी खोलीत येईल ना!" मग आम्ही दोघांनी डोकं लावलं. आतल्या फरशीला दारापासून लांबच्या कोपऱ्याकडे उतार दिला, तिथे मोठी जाळी बसवली. गुळगुळीत टाइल्स काढून खरबरीत फरशी लावली. दार अडीच फुटांचं होतं, ते तीन फुटांचं केलं. भिंतीत पक्के रोवून स्टीलचे दोन दांडे बसवले. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही. बसायला खुर्चीच्या उंचीचा ओटा बांधला आणि हाताशी येईल असा हँड शॉवर लावला. तो पहिल्या दिवशी नुसता ठिबकला. गच्चीवरची टाकी फार खाली होती. ती लोखंडी स्टँडवर चढवल्यावर धार आली. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ओट्याशेजारी, न वाकता हात पोचेल अशा उंचीवर बादलीही ठेवली. दुष्काळी जिल्ह्यात शॉवरच्या जोडीला बादली लागतेच.

भांडण झालं ते कडीवरून. मी म्हणालो, आतून कडी नको; पडलीस तर? अम्मी म्हणाली, कडी नसेल तर मला आंघोळ नको. दोन दिवस अबोला. गवंड्यानेच मार्ग काढला. दार बाहेर उघडणारं केलं, म्हणजे आतलं माणूस पडलं तरी दार अडत नाही. आणि आतून लागणारी, पण बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी बसवली.

पहिल्या दिवशी ती आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. मी आणि माझी पत्नी बाहेर उभे होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता. अर्धा तास झाला. मी हाक मारली, तर आतून रागावून उत्तर आलं, "जल्दी काय की है?"

आता ती जेवताना तांब्या स्वतःजवळ ठेवते.

आज घरी गेल्यावर आपल्या न्हाणीचा उंबरा एकदा बोटांनी मोजून पाहा. घर नवं बांधत असाल, तर गवंड्याला उताराबद्दल आधीच विचारा. नंतर फोडाफोडीचा खर्च होतो आणि कधी कधी हाडही मोडतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)